पहिला तुकडा

शिरपूरजवळच्या पाड्यावर पत्र्याच्या चर्चमध्ये रविवारी प्रार्थनेनंतर साक्ष सुरू झाली. बरे झालेले लोक एकेक उठून प्रभूचे आभार मानू लागले. गुंताबाई मात्र अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याशेजारी मान खाली घालून बसली होती. "अक्का, तुनी साक्ष कधी? तुना विश्वासच कमी शे," मागची बाई कुजबुजली. पुढच्या रविवारी यायचंच नाही, असं गुंताबाईने ठरवलं. तेवढ्यात नवऱ्याने चांगल्या हाताने तिला ढोसलं. ती अडखळत उभी राहिली. "यास्ना पाय अजून उठत नही. पन आजारी पडनात तवापासून भाकरले शिवत नव्हतात. आज सकाळे यास्नी सोता भाकर मोडी, आन पहिला तुकडा मना तोंडमा दिधा. हाई साक्ष व्हस का?" मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचा नवरा त्याच चांगल्या हाताने मांडीवर थापा मारत राहिला.