कुंकवाखालचे मेण

दुआर्त पाद्रींचा राखेने काळा झालेला अंगठा तुळजाच्या कपाळासमोर येऊन थांबला. कपाळावर कुंकू होते.

राखेचा बुधवार होता. मरणाची आठवण राहावी म्हणून त्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस काढायचा. नागझरीच्या ओढ्यापलीकडे, प्रार्थनेसाठी उभारलेल्या गवती छपराखाली त्या सकाळी सगळ्या बायकाच होत्या. पुरुष पेशव्यांच्या तोफखान्याबरोबर निजामावर गेले होते. रांगेत पुढच्या सहाजणी गोव्याकडच्या, मोकळ्या कपाळाच्या. सातवी तुळजा पुण्याचीच. फरसू गोलंदाजाशी लग्न करताना तिने बाप्तिस्मा घेतला, कुंकू मात्र तसेच राहिले. आधीचे म्हातारे पाद्री तिच्या केसांवरच चिमूटभर राख टाकत आणि पुढे सरकत. ते पावसाळ्यात तापाने गेले. हे नवे पंचविशीतले, सहा महिने गोव्यात काढून चार दिवसांपूर्वीच इथे आले होते.

चार दिवसांत त्यांनी बरेच काही निमूट सोसले होते. मिरचीने तोंड सोलवटले होते. पेठेत पाणी मागितले, तर एका भल्या माणसाने भांडे न देता वरून ओंजळीत धार धरली होती. त्याचेही त्यांनी वाईट वाटून घेतले नाही. पण देवासमोर, आपल्याच माणसाच्या कपाळावर हे पाहून ते हादरले.

त्यांनी हलक्या आवाजात ते पुसायला सांगितले. तुळजाने मान खाली घातली. त्यांनी पुन्हा सांगितले.

"बाबा, घरधनी लढाईवर आहेत," ती म्हणाली.

त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करूच, असे म्हणत त्यांनी रुमाल पाण्यात बुडवला आणि स्वतःच पुसायला लागले. कुंकू लगेच गेले. ते बसावे म्हणून खाली लावलेले मेण निघेना. त्यांनी अंगठ्याने जोर लावला. मागे कुणीतरी तोंडावर पदर धरला. शेवटी ते मेण तसेच ठेवून त्यांनी त्यावर राखेचा क्रूस काढला. राख छान चिकटली.

तुळजाचे घर हाकेच्या अंतरावर होते. कुणी बघायच्या आत कुंकवाचा करंडा गाठायचा म्हणून ती नाकापर्यंत पदर ओढून धावत सुटली.

तिची सासू इजाबाय गुडघे सुजल्यामुळे घरीच होती. सकाळी एक सांडणीस्वार फौजेकडची पत्रे घेऊन नागझरी ओलांडून शहरात गेला होता, तेव्हापासून ती उंबऱ्याशी ज्वारी निवडत बसली होती. तुळजा वाकून आत शिरली आणि पदर मागे सरकला.

म्हातारीच्या हातातले सूप उलटले.

"कुठं पडला?" तिने विचारले.

धाप लागल्यामुळे तुळजाला लगेच बोलता आले नाही. तेवढे पुरले. इजाबायचा हंबरडा आळीच्या टोकापर्यंत गेला. मग तुळजा सांगत राहिली, काही झाले नाही, कुठलीही बातमी नाही, बाबांनी पुसले. म्हातारी तिच्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. सून आपल्यापासून लपवते आहे, एवढेच तिला कळले.

"लेकी, जित्या नवऱ्याचं कुंकू कोण पुसतं?"

रडणे ऐकून दुआर्त पाद्री धावत आले. त्यांना वाटले, घराला आग लागली. दारात ज्वारी सांडली होती. आत दोन शेजारणींनी तुळजाचे खांदे धरले होते आणि बकुळा माळीण हातात वरवंटा घेऊन तिच्यासमोर बसली होती. तुळजाने दोन्ही हात पोटाशी घट्ट आवळले होते, बांगड्या दिसू नयेत म्हणून.

हे काय चालले आहे, त्यांनी विचारले. बांगड्या फोडतोय, बकुळाने सांगितले, हिचा नवरा पडला. कुणी सांगितले, असे त्यांनी विचारताच तिने नुसते तुळजाच्या कपाळाकडे बोट केले.

पाद्रींनी कपाळाकडे पाहिले, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. तो त्यांनी झग्याला पुसला. पुन्हा पुसला.

"मी," ते म्हणाले. "तो जिवंत आहे. हे मी केले."

बकुळाने वरवंटा खाली ठेवला.

"पुसायचं तेवढं बाबा शिकून आले," ती म्हणाली. "लावायचं शिकायचं राहिलं वाटतं."

इजाबाय मात्र रडायची थांबली नव्हती. चार दिवसांच्या पाद्रीला फौजेतले काय ठाऊक, ती म्हणत होती. मग डोळे न पुसताच ती सुनेकडे वळली.

"जिवंत असेल तर लाव. माझ्यासमोर लाव."

तुळजाने कोनाड्यातून करंडा काढला. तिची बोटे इतकी थरथरत होती की झाकण फिरेना. शेजारणी बघत राहिल्या. कुणी हात पुढे केला नाही.

गोव्यात असाच एक करंडा दुआर्त पाद्रींनी घरमालकाला विहिरीत टाकायला लावला होता. त्यांनी तुळजाच्या हातातून करंडा घेतला. झाकण काढले. सकाळी राखेची वाटी धरली होती तसा तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला आणि तिचे बोट स्थिर होईपर्यंत तसेच उभे राहिले.

कपाळावर मेण होतेच. कुंकू लगेच बसले. त्याच्या चारी बाजूंनी राखेच्या रेघा बाहेर आल्या होत्या. त्या पुसायला कुणी सांगितले नाही. पाद्रींनीही नाही.