समोरची इमारत

ओवीने विज्ञानाच्या पुस्तकात बघून मटकीच्या दोन पुरचुंड्या बांधल्या, एक ओल्या फडक्यात आणि एक कोरड्या. "आई, बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं."

उज्ज्वलाची नजर खिडकीबाहेर गेली. समोरची इमारत हुबेहूब त्यांच्या इमारतीसारखीच होती. कंपनीने दोन्हींत घरं फुकट दिली होती. भाजी, पाणी, गोळ्या, सगळं एकाच गाडीतून यायचं. प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा दिवसभर नाडी मोजून कंपनीला कळवायचा. फुकट का, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून तिचं जेवणात लक्ष लागेना. विरजण मागायच्या निमित्ताने ती समोरच्या रेश्माकडे रोज जाऊ लागली. पाण्याची चव बघायची, गोळ्यांचा रंग बघायची, भिंतींना हात लावायची. सगळं तेच.

"अहो ताई, रोज कसं तुमचं विरजण संपतं?" रेश्मा हसली. ह्या इमारतीतले सगळेच असे निवांत हसायचे.

टेबलावर रेश्माच्या मुलीचं विज्ञानाचं पुस्तक होतं. ओवीकडे होतं तेच पुस्तक, तेच मुखपृष्ठ. उज्ज्वलाने सहज चाळलं आणि तिचा हात थांबला. तिने अनुक्रमणिका दोनदा वाचली. मटकीच्या प्रयोगाचा धडा ह्या पुस्तकात नव्हताच.

तिच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. वाढलेली नाडी कंपनीला कळली होती.

रेश्माचा पट्टा शांत होता. ती वाटीत विरजण काढत होती.