साथ : नेहमीच्या बाई

"सातव्या नंबरला मी गाणार आहे, सर. मग साथीला पुन्हा मीच कशी?"

प्राचार्यांनी चष्मा वर करून भिंतीवरचा परीक्षेचा तक्ता पाहिला. नऊ विद्यार्थी, नऊ ओळी. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नोंद. साथ : नेहमीच्या बाई. सातव्या ओळीतसुद्धा तेच.

"अहो बाई, पियानोवर बसूनच गा की. तुम्हाला काय अवघड आहे? अभ्यासक्रमच मुळी लवचिक आहे आपला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लवचिक! हजेरी नाही, लेखी पेपर नाही, सवडीनं शिका आणि मंचावर गाऊन दाखवा, एवढ्यावर भुलून तर तिनं प्रवेश घेतला होता. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यामागे पियानो बडवला. ही पदविका हातात पडली की इथेच गाण्याचा वर्ग शिकवायला मिळणार होता. आणि यांचा पियानो असा भिंतीला टेकवलेला, की वाजवणाऱ्याची पाठ परीक्षकांकडे. मंचावरच्या वावराचे वीस गुण काय पाठीला देणार होते?

"दुसरं कुणीतरी बघा, सर."

"आत्ता? दहा मिनिटांत? वेळेवर सांगायचंत ना!"

तक्ता लागूनच पाऊण तास झाला होता.

दातओठ खात ती पियानोवर बसली. पहिल्या सहा जणांना तिनं निभावून नेलं. चौथ्या मुलीनं घाबरून मधल्या दोन ओळी गाळल्या. हिनंही तिच्याबरोबर उडी मारली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. बाहेरून आलेले परीक्षक "वा!" म्हणाले. मुलीला.

सातवा नंबर पुकारला गेला. परीक्षक मान खाली घालून अजून सहाव्याचेच गुण मांडत होते. तिनं बसल्या जागी एकच पट्टी दाबली, सूर घेतला आणि झाकण खाडकन लावलं. मंचाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"अहो, पण..." प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले. तोवर तिनं सुरुवात केली होती.

घरी कुठला आलाय पियानो? दीड वर्षं हे गाणं ती लेकाला खांद्यावर टाकून, तो उठू नये म्हणून दबक्या आवाजात, येरझाऱ्या घालत गायली होती. आधाराला तेव्हाही काही नव्हतंच. आज फक्त आवाज मोकळा सोडायचा होता. रागानं तो थरथरेल असं तिला वाटलं होतं. तो उलट ताठ उभा राहिला.

गाणं संपलं. बिनसाथीच्या गाण्यात सूर नकळत खाली घसरतो. म्हणून परीक्षक स्वतः मंचावर आले. झाकण उघडून त्यांनी तिच्या शेवटच्या सुराची पट्टी दाबली. केसाचाही फरक नव्हता.

"कमाल केलीत तुम्ही," ते म्हणाले. मग रिकाम्या स्टुलाकडे पाहून त्यांचा आवाज चढला. "पण हा काय हलगर्जीपणा? सकाळपासून इथे बसलेल्या त्या साथीच्या बाई ऐन वेळी गेल्या कुठे?"

"परीक्षा द्यायला," ती म्हणाली.