नात्यातला अर्ज

आमच्या इथल्या अनुदान समितीचा नियम भलता कडक. अर्जदार नात्यातला निघाला, की परीक्षकाने गुण न देता मुकाट खोलीबाहेर जायचं. त्या दिवशी सुईणमावशी अर्ज घेऊन आल्या. गल्लीने मिळून प्रसूतिगृहाच्या छपरावर सोलर पॅनेल बसवायचं ठरवलं होतं, कारण वीज गेली की बाळंतपणं मोबाइलच्या उजेडात होत.

"ही माझी सख्खी आत्या," म्हणत समितीतला इंजिनियर उठला. "माझ्या सासूबाईंची बहीण," म्हणत शिक्षिका उठल्या. वकील तर थेट व्याही निघाले.

अध्यक्ष खुर्चीला चिकटून म्हणाले, "माझं काही नातं नाही. बोला मावशी."

"नाही कसं रे? पायाळू होतास, ह्याच हातांनी ओढून काढला तुला. आईला दूध येईना, तर आठवडाभर माझं पाजलं."

अध्यक्षही खाली मान घालून बाहेर गेले. गुण द्यायला खोलीत कुणी उरलंच नाही आणि अर्ज शून्य गुणांवर बाद झाला.

अनुदान मिळालं पलीकडच्या नव्या वसाहतीला. तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. अनुदानाच्या योजनेचं नाव होतं, 'आपली माणसं, आपली वीज'.