टाकीला लावलेला कान

"पंप चालतोय. पुढचं बघ."

मागच्या चाकापाशी पालथ्या क्रेटवर बसलेल्या नवऱ्याने पिकअपच्या टाकीला लावलेला कान काढला आणि अंगठा वर केला. केबिनमधून बायकोला तो आरशात दिसला. तिने स्टार्टर मारला. इंजिन घरघर फिरलं, पण पेट घेईना. तीन आठवडे हेच चाललं होतं.

पिकअप सतरा वर्षांची. तिच्या रोपवाटिकेतली प्रत्येक कुंडी हिच्याच हौद्यातून गिऱ्हाइकाच्या दारी गेलेली. नवऱ्याचं गॅरेज दोन वर्षांपूर्वी बंद झालं. गुडघे गेले, वाकवत नाही, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून गाडी बंद पडली तेव्हा घरातल्या घरात वाटणी झाली: डोकं त्याचं, हात तिचे. "महिनाअखेरपर्यंत उठली तर ठेवू, नाहीतर भंगारात," तो म्हणाला होता. भंगारवाला उद्या सकाळी येणार होता. गाडी गेली तर रोपवाटिकेलाही कुलूप, हे दोघांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं.

मास्तर म्हणून तो बरा होता, जरा कडक. बॉनेटखाली डोकं घालून विचारलेलं त्याला चालत नसे. "आधी वर बघ, मग बोल." शिस्त म्हणजे शिस्त. ती वर बघायची, नाकाला लागलेल्या ग्रीससकट. टाकीतला पंप पेट्रोल जोराने पुढे ढकलतो आणि इंजेक्टर त्याचा बारीक फवारा करतो, हे त्याने पहिल्याच दिवशी शिकवलं.

"म्हणजे माझा रोपांवरचा फवाराच की."

"तोच. फक्त तुझ्या फवाऱ्याने रोपं पेटत नाहीत."

प्लग कोरडे निघाले. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. पंप तर चालतोय, मग अडलंय पुढेच कुठेतरी. तिने फिल्टर बदलला. नळ्या मोकळ्या केल्या. चारही इंजेक्टर काढून लेकराचे कान कोरावेत तसे साफ केले. पंपावर शंका घ्यावी असं तिच्या मनातही आलं नाही. चावी फिरवली की पंप दोन सेकंद गुणगुणतो, आणि ते ऐकणारा कान साधासुधा नव्हता. गिऱ्हाइकं त्याला कानसेन म्हणायची. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तो रोग सांगायचा. शिवाय हा पंप त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला.

तशी ती या तीन आठवड्यांत खुशीतच होती. अठ्ठावीस वर्षं ज्याने जेवताना ताटातून मान वर काढली नाही, तो गेली दोन वर्षं तिच्याकडे टक लावून बघत होता. जेवायला बरोबर समोरची खुर्ची धरायचा. ती बोलू लागली की पेपर खाली ठेवायचा. "दाजींना या वयात काय झालंय गं?" धाकट्या बहिणीने विचारलं होतं.

"उशिरा का होईना, अक्कल आली," ती म्हणाली होती. पण तेव्हापासून सकाळच्या चहाआधी केस विंचरू लागली होती.

आज क्रेटवर बसून बसून त्याच्या पायाला मुंग्या आल्या.

"तुम्ही वर बसा," ती म्हणाली. "चावी तुमची, कान माझा."

तो क्षणभर घुटमळला. मग लंगडत केबिनमध्ये जाऊन बसला.

तिने उकिडवं बसून टाकीला कान लावला. "फिरवा."

काहीच नाही.

"अहो, फिरवा."

"अहो, झोपलात की काय?"

शेवटी ती उठून पुढे गेली. तो चावी धरून ताठ बसला होता आणि आरशात तिला शोधत होता.

"फिरवू?" त्याने विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी हौद्यावर थाप मारते. गाडी हादरली की फिरवा."

तिने थाप मारली. चावी लगेच फिरली, खट्. टाकीत सामसूम. दुसरी थाप. पुन्हा सामसूम. पंप हूं की चूं करत नव्हता, आणि आज पहिल्यांदाच करत नव्हता असंही नाही. थंडगार पत्र्याला कान लावून ती जरुरीपेक्षा बराच वेळ तशीच बसून राहिली.

मग तिने फ्यूजबॉक्स उघडला. पंपाला वीज जोडणारा डबीएवढा रिले आणि हॉर्नचा रिले सारखाच असतो. शंका आली की अदलाबदल करून बघायची, हे त्यानेच शिकवलेलं. हॉर्नचा काढून पंपाच्या जागी बसवला आणि त्याला हाताने खूण केली.

इंजिन एकदा खोकलं, आणि धडधडत उठलं. भंगारवाला आता हात हलवत परत जाणार होता. नवऱ्याने डॅशबोर्डवर तळवा ठेवला, थरथर हाताला लागू दिली आणि हसला. मग त्याला तिच्या हातातला जुना रिले दिसला. जन्म गॅरेजमध्ये गेलेला माणूस. तो कशाचा, हे त्याला सांगावं लागलं नाही. हसू विरलं.

ती खिडकीपाशी आली. इंजिनाच्या आवाजात तिला स्वतःचा शब्दही ऐकू येत नव्हता. तरी ती पुटपुटल्यासारखं म्हणाली, "कधीपासून?"

"गॅरेज बंद केलं त्याच्याही आधीपासून," तो मोठ्याने म्हणाला.

"मग माझं सगळं कसं ऐकू येतं?"

त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलली नाही.

"तुझं तोंड दिसतं म्हणून," तो म्हणाला. "टाकीला तोंड नाही."