एकोणिसावा नियम

संगणकाच्या काळ्या कमांड-खिडकीत मी शोधायची कमांड दिली: ‘ग्राहक तक्रारी’. कंपनीत कोणीही शेअर केलेली एआय एजंटची वर्कस्पेस, म्हणजे त्याला दिलेल्या नियमांचा आणि फाइलींचा संच, या टूलने सापडते, आयती उतरवून घेता येते. यादीत माझ्या हाताखाली शिकलेली शर्वाणी पहिली, चारशे बारा डाउनलोड. माझी वर्कस्पेस नववी. तीन डाउनलोड, त्यातले दोन माझेच.

वर्षापूर्वी हिला कामातलं ओ की ठो कळत नव्हतं! चुका काढायला म्हणूनच मी तिची वर्कस्पेस उतरवली आणि एजंटला दिलेले नियम उघडले.

‘आधी तक्रार पूर्ण वाच, मग तोंड उघड.’ ‘माफी एकदाच माग, लोटांगण घालू नकोस.’ अठरा नियम, अठराही माझीच वाक्यं. तिच्यावर खेकसताना तोंडातून गेलेली. तिने एकेक जपून ठेवलं होतं.

एकोणिसावा तेवढा तिचा स्वतःचा: ‘उत्तर पाठवलं की तक्रार बंद कर.’ म्हणजे ग्राहकाचं समाधान झालं का, हे विचारायच्या आतच! तेही चारशे बारा ठिकाणी.

“सर, पाहिलंत?” शर्वाणी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी होती. “काही चुकलं असेल तर ओरडा ना.”

वर्षभरात पहिल्यांदाच मी तिला म्हणालो, “छान जमलंय.”