चकची चावी

हिरवं बटण दाबलं, पण लेथ मशीन सुरू झालं नाही. निवृत्त इंजिनिअरनं वैतागून मशीनवर नजर फिरवली आणि बटणावरचा हात झटकन मागे घेतला. चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या जबड्यात, लोखंडाचा तुकडा आवळायची चावी तशीच अडकलेली होती. मशीन फिरलं असतं, तर ती गोळीसारखी सुटून थेट त्याच्या तोंडावर आली असती.

जन्मभर त्यानं कारखान्यातल्या पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती: चावीवरचा हात सुटायच्या आधी चावी चकमधून सुटली पाहिजे.

"माझ्या मशीनला कुणी हात लावला?" तो ओरडला.

लेक शेडच्या दारातच उभी होती. "मी, बाबा. सहज बघत होते."

म्हणजे चावी आपण विसरलो नव्हतो; त्याच्या जिवात जीव आला. मग तोंडाचा पट्टा सुटला. "सहज? अगं, कवटी फुटली असती माझी! अक्कल गहाण टाकलीस का? खेळणं वाटलं हे तुला?"

एरवी एकाला दोन ऐकवणारी मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली.

बडबडतच तो भिंतीवरच्या बोर्डाकडे वळला. तिथे फ्यूज नव्हता. त्याची पांढरी कड लेकीच्या मुठीतून दिसत होती.

तो स्टुलावर बसला.

"चावी तू विसरलीस," तो हळूच म्हणाला, "मग फ्यूज कुणाच्या विसरण्याच्या भीतीनं काढलास, बाळा?"